बीम : एक शब्द, चार कामे



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, पगारवाढ किंवा बंद गिरण्यांची थकलेली देणी यांवर बोलणार, अशी आपली समजूत असते. आणि ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. आज मात्र मी एका शब्दावर बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे. पण सोलापूरच्या मातीत तो इतका मुरला आहे की पूर्वभागातल्या ज्या आजीबाईला इंग्रजीचे अक्षर येत नाही, तिलाही तो ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे ‘बीम’.

मी शास्त्रज्ञ नव्हे आणि इंजिनियरही नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली. पुढचे शिक्षण काही मागावर झाले आणि काही हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या विषयाकडे मी हौसेने वळलो असे नाही. एका चुकीने मला तिकडे नेले, आणि ती चूक माझी स्वतःची होती.

गोष्ट सन १९९९ ची आहे. टॉवेलच्या एका कारखान्यात आमच्या एका वडीलधाऱ्या विणकराचा पाय चिरडला. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. नुकसानभरपाईचा अर्ज मी लिहिला. अक्षर चांगले म्हणून तसली कामे माझ्याकडे येत. मी लिहिले : ‘बीम पायावर पडून उजवा पाय निकामी झाला.’ मला वाटले, यापेक्षा स्पष्ट काय लिहायचे? काही दिवसांनी एका कचेरीतून चौकशीला गृहस्थ आले. त्यांनी शेडमध्ये उभे राहून वर पाहिले. वर लोखंडी कैच्या होत्या आणि त्यांवर पत्रे. त्यांनी चारी भिंती पाहिल्या आणि अहवाल दिला की, या इमारतीत बीम नाहीच, मग तो पडेल कसा? अर्ज संशयास्पद ठरला आणि बाजूला पडला.

तो गृहस्थ लबाड नव्हता. त्याच्या लेखी बीम म्हणजे छताखालची तुळई. माझ्या लेखी बीम म्हणजे मागाच्या पाठीमागे बसतो तो सुताचा रूळ. दोघेही खरे बोलत होतो. आणि दोन खऱ्यांच्या मध्ये मामांची भरपाई अडकून पडली. त्या दिवसापासून मी या शब्दाच्या मागे लागलो.

शब्दाचे मूळ

आधी शब्दाचे मूळ पाहू या. जुन्या इंग्रजीत ‘बीम’ म्हणजे झाड. त्याच कुळातल्या जर्मन भाषेत झाडाला आजही ‘बाउम’ म्हणतात. झाड तोडले, तासले, की सरळ लांब ओंडका होतो. तो घरावर आडवा टाकला की घराचा बीम झाला. मागाला लावून त्यावर सूत गुंडाळले की मागाचा बीम झाला. मधोमध टांगून दोन टोकांना पारडी बांधली की तराजूचा बीम झाला. ढगातून उतरणारा उन्हाचा सरळ पट्टा लोकांना खांबासारखा दिसला, म्हणून त्यालाही तेच नाव मिळाले. पुढे विजेचे आणि रेडिओचे युग आले आणि जे जे सरळ एका दिशेने जाते ते ते बीम, असा प्रघात पडला.

यात इंग्रजीचे काही विशेष नाही. संस्कृतात ‘तुला’ म्हणजे तराजू, आणि घराच्या आढ्याची लाकडी तुळईही ‘तुला’च. आपली तुळई आणि राशीतली तूळ या सख्ख्या बहिणी आहेत. माणसाची रीतच अशी की, नवी वस्तू समोर आली की तिला जुन्या ओळखीच्या वस्तूचे नाव द्यावे. नाव देणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असतो. अडचण होते ती दुसऱ्या गल्लीतून आलेल्याची.

मागाचा बीम

आता आपल्या घरच्या बीमपासून सुरुवात करतो. कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. आडवा धागा धोट्यातून येतो. उभे धागे, म्हणजे ताणा, बीमवरून येतात. शेकडो धागे एकमेकांत न गुंतता, सारख्या ओढीने, शेजारी शेजारी रुळावर गुंडाळायचे, हे बीम भरण्याचे काम. माग चालू लागला की कापड पुढच्या रुळावर गुंडाळत जाते आणि मागचा बीम तेवढाच उलगडत जातो. तो किती सैल सुटतो आणि किती आवळून राहतो यावर कापडाची जात ठरते.

सोलापूरच्या टॉवेलचे रहस्यही बीममध्ये आहे. साध्या कापडाला एक बीम पुरतो. फाशांच्या टॉवेलला दोन लागतात. एका बीमचा ताणा घट्ट ओढलेला असतो, तो टॉवेलचे मूळ पोत धरतो. दुसऱ्या बीमचा ताणा सैल सोडलेला असतो. साधारणपणे दोन आडवे धागे थोडे अंतर राखून टाकतात आणि तिसऱ्या धाग्याबरोबर फणीचा पूर्ण ठोका देऊन तिन्ही धागे पुढे सारतात. घट्ट धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे त्या ठोक्याबरोबर पुढे सरकतात आणि वर-खाली फुगून त्यांचे फासे बनतात. अंग पुसताना पाणी शोषतात ते हेच फासे. एक बीम ताठ आणि एक बीम सैल, या जोडीतून टॉवेल जन्माला येतो.

या बीमचे वजन किती? सोपा हिशेब आहे. २० नंबरचे सूत म्हणजे ज्याच्या ८४० वारांच्या २० लडी एका पौंडात बसतात ते. मेट्रिक मापात एका किलोला सुमारे ३३,९०० मीटर. समजा, बीमवर २,४०० धागे आहेत आणि प्रत्येक १,००० मीटर लांब आहे. एकूण सूत झाले २४ लाख मीटर, म्हणजे सुमारे ७१ किलो. सूत दुहेरी असेल तर १४२ किलो. वर लोखंडी नळी आणि दोन्ही टोकांच्या तबकड्या वेगळ्या. असा बीम ढकलगाडीवरून घसरला तर पायाचे काय होईल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण हा हिशेब मी त्या अर्जात घातला नव्हता.

घराचा बीम

दुसरा बीम इमारतीचा. त्याला आपल्याकडे तुळई हा उत्तम शब्द आहे. तुळईचे काम वरचा भार उचलून दोन्ही टोकांच्या भिंतींवर किंवा खांबांवर पोचवण्याचे. हे काम करताना ती किंचित वाकते, आणि तिचे सारे शास्त्र या वाकण्यात आहे.

घरी एक पट्टी घ्या, दोन टोकांना दोन पुस्तके ठेवा आणि मध्ये बोटाने दाबा. पट्टी खाली वाकते. तिचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधोमध एक पातळी अशी असते की जिथे दाबही नाही आणि ताणही नाही. म्हणून तुळईचा खरा भार तिचे वरचे आणि खालचे अंग वाहते. लोखंडी तुळई इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराची का असते, याचे उत्तर इथे मिळते : वर आणि खाली जाड, मध्ये पातळ.

तीच पट्टी आता कडेवर उभी धरून दाबा. वाकता वाकत नाही. सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड फळी आडवी टाकण्याऐवजी कडेवर उभी बसवली, तर लाकूड तेवढेच राहून तिची भार सोसण्याची शक्ती तिप्पट होते, आणि त्याच भाराखाली तिचा झोल नवव्या हिश्श्यावर येतो. जुन्या वाड्यांचे सुतार हे कागदावर मांडत नसतील. पण त्यांच्या हाताला ते कळत होते.

काँक्रीटची गोष्ट निराळी. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारच कमी. म्हणून जिथे ताण येतो तिथे लोखंडी सळया घालतात. दोन टोकांवर टेकलेल्या साध्या तुळईत ताण खाली येतो. तेव्हा मुख्य सळया खाली. पण भिंतीतून एका बाजूने बाहेर आलेला सज्जा पाहा. त्याचे मोकळे टोक खाली झुकू पाहते, म्हणून ताण वरच्या अंगाला येतो. तिथे मुख्य सळया वरच हव्यात. काँक्रीट ओतताना त्या मजुरांच्या पायांखाली दबून खाली गेल्या, तर सज्जा दिसायला तसाच दिसतो, पण आतून निराधार असतो. आणि आधाराची फळी काढली की कोसळू शकतो. बांधकाम मजुरांच्या सभेत मी हे नेहमी सांगतो. सळई किती जाड हे कंत्राटदार विचारतो. सळई वर की खाली, हे मजुरानेही विचारले पाहिजे, कारण खाली तोच उभा असतो.

किरणांचा बीम

तिसऱ्या बीमची गाठ मला एका सहकाऱ्याच्या घरी पडली. त्याच्या पत्नीला कर्करोग झाला होता. दवाखान्याच्या कागदावर ‘एक्स्टर्नल बीम’ असे लिहिलेले. तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “अण्णा, आयुष्य बीमवर गेलं. आता दवाखान्यात कसला बीम?” घरात त्या बाईचे ताट-वाटी वेगळे काढले होते. बीमने तिच्या अंगात काही तरी शिरेल आणि ते मुलांना बाधेल, अशी भीती.

पदार्थविज्ञानातला बीम म्हणजे वस्तू नव्हे. एका दिशेने निघालेल्या किरणांचा किंवा कणांचा तो झोत आहे. कंदिलाचा प्रकाश चहूकडे पसरतो. बॅटरीच्या दिव्यामागे वाटीसारखा आरसा असतो, तो त्याच प्रकाशाला एका दिशेला वळवतो. दिवा तोच, पण प्रकाश एकवटला म्हणून लांबवर पोचतो. मागावर शेकडो धागे जसे सरळ शेजारी शेजारी निघतात, तसेच हे किरण. मात्र त्यांना वजन पेलायचे नसते आणि त्यांना कोणी रुळावर गुंडाळू शकत नाही.

सन १८९५ मध्ये रॉन्टजेन यांना क्ष-किरण सापडले. सन १८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीतला एक झोत विजेने आणि चुंबकाने वाकवून दाखवला. उजेड चुंबकाने असा वाकत नाही. म्हणून तो झोत अतिसूक्ष्म, ऋणभारित कणांचा असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. ते कण म्हणजे इलेक्ट्रॉन. आपल्या घरी जुना पोट असलेला टेलिव्हिजन होता, तेव्हा त्याच्या काचेमागे असाच झोत ओळी ओढत फिरत असे. पोराने काचेला लोहचुंबक लावला की रंग विस्कटत आणि बापाची चापट बसे. पोर मात्र नकळत थॉमसनसाहेबांचाच प्रयोग करीत होते.

कर्करोगावर जो ‘शेक’ देतात, तो बहुधा क्ष-किरणांच्या किंवा गॅमा किरणांच्या झोताचा. यंत्र शरीराबाहेर असते, म्हणून त्याचे नाव ‘बाहेरचा बीम’. झोत गाठीवर नेमका रोखतात आणि आजूबाजूचा निरोगी भाग शक्य तितका वाचवतात. यंत्र बंद झाले की झोत संपला, जसा बटण दाबल्यावर दिवा. रोग्याच्या अंगात किरण साठून राहत नाहीत. त्याला शिवल्याने, त्याच्याबरोबर जेवल्याने कोणालाही काही होत नाही. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तिथे नातलगाला घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट घरी सांगावी. मी ती त्या सहकाऱ्याला समजावली. त्याच रात्री त्या बाईचे ताट पुन्हा पंगतीत आले.

या झोतांतही प्रकार आहेत. क्ष-किरणांचा झोत शरीरात शिरल्यावर त्वचेखाली थोड्याच अंतरावर सर्वाधिक काम करतो आणि पुढे क्षीण होत पलीकडे निघून जातो. प्रोटॉन कणांचा झोत वाटेत थोडी शक्ती खर्च करतो आणि बहुतेक शक्ती प्रवासाच्या शेवटी टाकून थांबतो. त्यामुळे गाठीच्या पलीकडचा भाग वाचतो. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत सन २०२३ पासून अशा झोताने उपचार होऊ लागले.

रेडिओचा बीम

चौथा बीम रेडिओचा, आणि त्याचे एक घर आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. पुण्याला जाताना दौंडला गाडी थांबते, आपण चहा घेतो. पण इंग्लंडहून येणाऱ्या बिनतारी तारा एके काळी या दौंडला उतरत असत, हे किती जणांना ठाऊक आहे? दिनांक २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी भारत आणि इंग्लंड यांमधल्या ‘बीम’ बिनतारी सेवेचे उद्घाटन केले. संदेश पाठवण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि घेण्याचे केंद्र दौंडला. दोन्ही वेगळी, कारण पाठवणाऱ्या यंत्राच्या गोंगाटात समुद्रापलीकडची क्षीण हाक ऐकू येत नाही. मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटनही आयर्विन यांच्याच हस्ते त्याच दिवशी झाले. एक रेडिओ चहूकडे बोलणारा, दुसरा एकाच दिशेला बोलणारा. दोघांची सुरुवात एका दिवसाची.

एकाच दिशेला बोलायचे कसे? उंच मनोऱ्यांवर एका ओळीत अनेक तारा टांगतात आणि सर्वांना एकाच तालात वीज पुरवतात. समोरच्या दिशेला प्रत्येक तारेची लाट दुसरीच्या लाटेवर चढून बळावते. बाजूच्या दिशांना एकीचा चढ आणि दुसरीचा उतार एकत्र येऊन त्या एकमेकींना मारतात. मागे तारांचा पडदा असतो, तो मागे जाणारी शक्ती पुढे परतवतो. रथाच्या दोराला शंभर जणांनी हात लावला पण ओढ एका तालात नसली, तर रथ जागचा हलत नाही. हे सांगायला मला पुस्तक उघडावे लागले नाही.

लघुलहरी वातावरणाच्या वरच्या थरांतल्या विद्युतभारित पट्ट्यावरून परत खाली वळतात, म्हणून पृथ्वीच्या गोलाईपलीकडे पोचतात. असा पट्टा खरोखर आहे, हे अ‍ॅपलटन यांनी सन १९२४ च्या प्रयोगात दाखवले होते. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांनी लघुलहरींना दिशा दिली, आणि थोड्या विजेवर, थोड्या खर्चात इंग्लंडशी बोलणे शक्य झाले. समुद्राखालच्या केबल कंपन्यांच्या धंद्याला त्याचा एवढा धक्का बसला की सन १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या केबल आणि बिनतारी कंपन्यांचे एकत्रीकरण करावे लागले. आपल्याकडची सेवा सन १९४७ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि सन १९८६ मध्ये ती विदेश संचार निगमाकडे गेली.

इथे एक गंमत ध्यानात घ्या. दौंडचे केंद्र फक्त ऐकत होते, तरी त्यालाही बीम होता. ऐकणाऱ्याचा बीम म्हणजे त्याचे कान ज्या दिशेला लागले आहेत ती दिशा. नारायणगावजवळ खोडदला महाकाय मीटरलहरी दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आकाशाकडे पाहत असतात. त्यांतली एक थाळी २१ सेंटिमीटरच्या लहरींवर जेवढा आकाशाचा तुकडा एका वेळी पाहते, तो पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून किंचित लहान असतो. त्यालाही शास्त्रज्ञ बीम म्हणतात. तिथून काहीच बाहेर पडत नाही. मागाच्या बीमवर सूत आहे, तुळईत काँक्रीट आहे, किरणांच्या झोतात निदान कण आहेत. या बीममध्ये केवळ रोख आहे.

मग बीम म्हणजे काय?

चार कामे आपण पाहिली. एक सूत धरून ठेवतो आणि सोडतो. दुसरा भार उचलून टोकांना पोचवतो. तिसरा एका दिशेने धावतो. चौथा केवळ दिशा सांगतो. या चौघांचे एकमेकांशी नाते एवढेच की चौघेही सरळ आहेत.

काही विद्वान म्हणतील की परका शब्द टाकून द्या आणि शुद्ध मराठी शब्द वापरा. तुळई, झोत, शलाका हे शब्द चांगले आहेत आणि ते जिथे बसतात तिथे मी वापरतोच. परंतु मागावरच्या माणसाच्या तोंडून बीम काढून घेणे मला मान्य नाही. त्याच्या कारखान्यात तो शब्द अगदी नेमका आहे. तिथे त्यावरून कधी कोणाचा घोटाळा झाला नाही. घोटाळा होतो तो शब्द कारखान्याचा दरवाजा ओलांडतो तेव्हा. म्हणून माझे सांगणे इतकेच की, शब्द बाहेर पाठवताना त्याच्याबरोबर त्याचे कामही पाठवा. ती वस्तू काय करते, कशावर टेकते, वजन किती, कुठून कुठे गेली, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहा.

मामांचा दुसरा अर्ज आम्ही असाच लिहिला. ‘मागावर चढवायचा, सुताचा ताणा गुंडाळलेला, सुमारे दीडशे किलो वजनाचा लोखंडी रूळ, ज्याला कारखान्यात बीम म्हणतात, तो ढकलगाडीवरून घसरून उजव्या पायाच्या पंजावर पडला.’ सोबत छायाचित्र जोडले आणि वजनकाट्याची पावती लावली. भरपाई मिळाली. पण मध्ये सात महिने गेले होते, आणि त्या सात महिन्यांत मामींच्या हातातल्या पाटल्या सावकाराकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. मामांनी मला कधी बोल लावला नाही. उलट म्हणाले, “जाऊ दे रे, तुला तरी काय ठाऊक, साहेब वर बघेल म्हणून.”

ते मला ठाऊक असायला हवे होते. लिहिणाऱ्याचे कामच ते : वाचणारा कुठे पाहील याचा आधी विचार करणे. एका शब्दाच्या आळसापायी सात महिने गेले. तेव्हापासून संघटनेच्या कचेरीत कोणताही अर्ज पुढे पाठवण्यापूर्वी, त्या कामाचा गंध नसलेल्या माणसाला मी तो वाचायला देतो आणि विचारतो, “काय झाले, सांगा पाहू.” त्याला सांगता आले तरच अर्ज जातो.